फोटोची घडी आणि फोनची मेमरी

गेल्या पावसाळ्यात आम्ही एक छोटे ॲप तयार केले. काम साधे होते. मुलांनी परिसरातल्या एखाद्या झाडाचे पान घ्यायचे, फोनने त्याचा फोटो काढायचा आणि एक बटण दाबायचे. ॲप त्या फोटोवर एकामागून एक चार फिल्टर लावी आणि पानाच्या शिरा ठसठशीत उठून दिसत. पिंपळाच्या पानात जाळी, बांबूच्या पानात समांतर रेघा. एकदल आणि द्विदल शिकवायला याहून चांगले साधन कोणते, असे आम्हांला वाटले. आमच्या फोनवर ते झकास चालत होते.

मग आम्ही ते एका शाळेत सातवीच्या वर्गात नेले. मुलांनी घरून आईवडिलांचे फोन आणले होते. काहींना शिरांचे जाळे दिसले. काहींच्या फोनवर मात्र बटण दाबले की ॲप एकदम बंद! एक मुलगी हातातला फोन घट्ट धरून उभी राहिली. "बाई, मी काही केलं नाही. तुम्ही सांगितलं तेच बटण दाबलं," असे ती रडवेल्या आवाजात म्हणाली. वडिलांचा फोन आपण बिघडवला, अशी तिची समजूत झाली होती.

फोन बिघडला नव्हता आणि तिचेही काही चुकले नव्हते. चूक आमची होती. आम्ही ॲप तपासले ते महागड्या फोनवर. त्यात मेमरी भरपूर असल्याने आमचा उधळेपणा झाकून गेला, आणि साध्या फोनवर तो उघडा पडला. ही चूक नेमकी कोणती आणि ती कशी सुधारता येते, ते या लेखात पाहू या. त्यासाठी लागणारे गणित गुणाकार आणि सरासरी एवढेच आहे.

३ मेगाबाइटचा फोटो खरा किती मोठा?

पानाच्या फोटोची फाईल साधारण ३ मेगाबाइटची असते. फोनची मेमरी ३ गिगाबाइट, म्हणजे तिच्या हजारपट. मग असे चारपाच फोटो त्यात सहज मावायला हवेत. आमचा हिशेब चुकला तो इथेच.

फोनमध्ये दोन वेगळ्या जागा असतात. एक कपाटासारखी. फोटो, गाणी, ॲप सगळे तिथे साठवलेले असते. फोन बंद केला तरी ते राहते. दुसरी जागा टेबलासारखी. ज्या वस्तूवर काम चालू आहे ती इथे काढून ठेवावी लागते. मेमरी किंवा रॅम म्हणतात ती हीच. हे टेबल सगळ्यांचे मिळून एकच असते. फोनची स्वतःची यंत्रणा, मागे उघडी राहिलेली इतर ॲप आणि आपले ॲप, सगळे त्यावरच काम करतात.

कपाटात फोटो घडी घालून ठेवलेला असतो. नऊवारी साडीची घडी हातभर जागेत मावते, पण तीच साडी अंथरायची म्हटले तर खोली पुरत नाही. फोटोचेही तसेच आहे. घडी घालण्याची सर्वांत प्रचलित पद्धत जेपेग ही होय. ती १९९२ साली प्रमाण म्हणून ठरली. या पद्धतीत फोटोचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनाची सरासरी छटा आणि त्या सरासरीपासून होणारे चढउतार अशी नोंद करतात. जे बारीक चढउतार डोळ्याला फारसे जाणवत नाहीत ते ढोबळमानाने लिहितात किंवा गाळून टाकतात. यामागचे गणित मूळचे बंगळुरूचे नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केले होते.

पण घडीवर फिल्टर लावता येत नाही. एखाद्या ठिपक्याचा रंग बदलायचा तर आधी तो ठिपका दिसायला हवा, म्हणजे फोटो उलगडायला हवा. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. आपण ठिपकेच म्हणू. १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या फोटोत साधारण ४००० स्तंभ आणि ३००० ओळी असतात.

४००० × ३००० = १,२०,००,००० ठिपके.

उलगडलेल्या फोटोत प्रत्येक ठिपक्यासाठी सहसा ४ बाइट लागतात. लाल, हिरवा आणि निळा या तीन रंगांचे प्रमाण ० ते २५५ या आकड्यांत लिहायला प्रत्येकी एक, आणि चौथा पारदर्शकतेसाठी. म्हणजे एकूण ४ कोटी ८० लाख बाइट. दहा लाख बाइटचा एक मेगाबाइट धरला तर झाले ४८ मेगाबाइट. ३ मेगाबाइटची घडी उलगडली की सोळापट होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. घडी केवढी होईल ते फोटोत काय आहे यावर ठरते. उलगडलेला फोटो मात्र ठिपक्यांच्या संख्येवर ठरतो. वर्गात हे लगेच करून पाहता येईल. एकाच फोनने पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा आणि भरगच्च पानांच्या झाडाचा दुसरा. दोन्ही फोटोंचा तपशील फोनमध्येच पाहा. भिंतीची फाईल लहान असेल आणि झाडाची मोठी. लांबी-रुंदी मात्र दोन्हींची तीच. उलगडल्यावर दोघांनाही सारखीच जागा लागेल. त्यामुळे फाईलचा आकार पाहून मेमरीचा अंदाज बांधणे, ही फसगत आहे.

चार फिल्टर, पाच प्रती

आमच्या ॲपचे चार फिल्टर असे होते : पहिला रंगीत फोटो काळा-पांढरा करी. दुसरा उजळ भाग अधिक उजळ आणि गडद भाग अधिक गडद करी. तिसरा फोटो किंचित पुसट करी, म्हणजे धुळीचे बारीक कण जात. चौथा शेजारच्या ठिपक्यांतला फरक मोजून शिरांच्या कडा ठळक करी. प्रत्येक फिल्टर आधीचा फोटो वाची आणि आपला निकाल नव्या कोऱ्या फोटोत लिही. मूळ फोटो धरून पाच प्रती झाल्या. ४८ × ५ = २४० मेगाबाइट. टेबलावर पाच नऊवारी एकदम अंथरल्या!

ॲप अशी जागा मागू लागले की फोनची यंत्रणा आधी मागे उघडी असलेली इतर ॲप बंद करते. कोणाचे तरी अर्धवट लिहिलेले टिपण त्यात जाऊ शकते. तरीही जागा पुरली नाही किंवा एका ॲपसाठी ठरवलेली मर्यादा ओलांडली, तर मागणारे ॲपच बंद पडते.

ही अडचण नवी नाही. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. त्यात एका ॲपला १६ मेगाबाइट जागा मिळे आणि कॅमेरा २०४८ × १५३६ ठिपक्यांचा होता. गुणाकार करून पाहा. एकच फोटो उलगडला की तीन-चतुर्थांश जागा संपत असे. दुसरी प्रत करायला वावच नव्हता. पुढे मेमरी वाढली, पण कॅमेऱ्याचे ठिपकेही वाढत गेले.

ठिपक्याला कोण कोण लागते?

आमच्या पाच प्रतींपैकी किती प्रती खरोखर गरजेच्या होत्या? याचे उत्तर एका प्रश्नात आहे. नव्या फोटोतल्या एका ठिपक्याचा रंग ठरवायला जुन्या फोटोतले किती ठिपके पाहावे लागतात? या प्रश्नाने फिल्टरांचे तीन गट पडतात.

पहिला गट, फक्त स्वतःकडे पाहणारे. उजळपणा वाढवणे, काळे-पांढरे करणे ही याची उदाहरणे. काळा-पांढरा करताना लाल रंगाचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ असे भाग घेऊन बेरीज करण्याची रूढ पद्धत आहे. आपला डोळा हिरव्याला अधिक संवेदनशील आहे, म्हणून त्याचा वाटा मोठा. यात शेजाऱ्यांचा संबंध येत नाही. मग नवी प्रत कशाला? जुना आकडा खोडून त्याच जागी नवा लिहिला तरी चालेल. शिवाय काळ्या-पांढऱ्या ठिपक्याला ४ ऐवजी १ बाइट पुरतो, म्हणजे पूर्ण फोटो १२ मेगाबाइटमध्ये बसतो.

या गटातले दोनतीन फिल्टर एकत्रही करता येतात. एका रंगाला २५६ किमतीच शक्य आहेत. ० ते २५५ पैकी प्रत्येक आकडा उजळपणा आणि गडदपणा या दोन्ही पायऱ्यांतून गेल्यावर काय होईल, याचे कोष्टक एकदाच करून ठेवायचे. मग १ कोटी २० लाख ठिपक्यांसाठी फक्त कोष्टक पाहायचे. कोष्टकाला जागा लागते २५६ बाइट! वरच्या वर्गातली मुले गणितात फलनांचे संयोजन शिकतात, त्याचे हे रोजच्या वापरातले उदाहरण.

दुसरा गट, शेजाऱ्यांकडे पाहणारे. पुसट करणे, कडा शोधणे. इथे जुना आकडा खोडून चालत नाही. का, ते एका ओळीवर पाहू.

करून पाहा : एक ओळ, सहा मुले

सहा मुलांना ओळीत उभे करा आणि हातात पाट्या द्या. पाट्यांवर क्रमाने ०, ०, ०, ९, ९, ९ लिहा. डावीकडे काळे, उजवीकडे पांढरे असा हा सहा ठिपक्यांचा फोटो. आता तो पुसट करायचा. प्रत्येकाने आपला, डावीकडच्याचा आणि उजवीकडच्याचा आकडा मिळवून सरासरी काढायची. टोकाच्या मुलांना एकच शेजारी आहे, त्यांनी दोघांची सरासरी घ्यावी. अपूर्णांक सोडून द्यावा.

पहिल्या खेपेला उत्तर दुसऱ्या पाटीवर लिहायला सांगा. मिळेल ०, ०, ३, ६, ९, ९. काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारी छान उतरण तयार झाली.

दुसऱ्या खेपेला डावीकडून सुरुवात करून जुना आकडा पुसून त्याच पाटीवर नवा लिहायला सांगा. तिसऱ्याचे उत्तर ३ येईल ते बरोबर. चौथा मात्र आता शेजारी ० ऐवजी ३ पाहतो. त्याचे उत्तर ७ येते. पाचव्याचे ८, सहाव्याचेही ८. ओळ झाली ०, ०, ३, ७, ८, ८. चूक पुढे पुढे सरकत गेली.

आता मुलांना विचारा : दुसऱ्या सहा पाट्या न वापरता बरोबर उत्तर मिळवता येईल का? थोडा वेळ द्या. कोणीतरी सांगेलच, की पुसण्याआधी आपला जुना आकडा पुढच्याच्या कानात सांगायचा. म्हणजे एका वेळी एकच जुना आकडा लक्षात ठेवावा लागतो, सहा नव्हेत. मेमरी वाचवण्याचे सगळे मर्म या एका उत्तरात आहे.

पट्ट्यापट्ट्याने

फोटोत शेजारी डावी-उजवीकडे असतात तसे वर-खालीही असतात. म्हणून एका आकड्याऐवजी ओळी लक्षात ठेवाव्या लागतात : वरची, आपली आणि खालची. बस, तीन. पुढच्या ओळीवर गेलो की सर्वांत वरची सोडायची आणि खालून एक नवी घ्यायची. ४००० ठिपक्यांच्या ओळीला १६,००० बाइट लागतात. तीन ओळींना ४८,०००. पूर्ण फोटोच्या एक हजारांश! अधिक पुसट करण्यासाठी दहा ओळी वरच्या आणि दहा खालच्या पाहायच्या म्हटल्या तरी २१ ओळी होतात, म्हणजे ३,३६,००० बाइट.

नऊवारी साडीला इस्त्री करताना आपण हेच करतो. सगळी साडी कुठे अंथरतो? टेबलावर मावेल एवढा भाग घ्यायचा, इस्त्री फिरवायची, झालेला भाग पुढे सरकवून दुमडायचा आणि मागचा ओढायचा. टेबल लहान म्हणून नऊवारी इस्त्रीविना राहत नाही.

प्रत्यक्षात एकेक ओळ न घेता ६४ ओळींचा पट्टा घेणे सोयीचे पडते. जेपेगचे चौकोन ८ ओळींचे असल्याने घडी उलगडताना आणि पुन्हा घालताना ओळी गटाने घ्याव्या लागतात. ६४ ओळींचा पट्टा साधारण १ मेगाबाइटचा होतो. तयार झालेला पट्टाही लगेच घडी घालून फाईलमध्ये लिहावा लागतो. तो टेबलावरच साठवत गेलो तर शेवटी पुन्हा पूर्ण फोटो अंथरलेला असेल.

इथे आम्ही आणखी एकदा फसलो. पहिल्या प्रयत्नात पानावर ठरावीक अंतराने आडव्या रेघा दिसू लागल्या. कारण सोपे होते. पट्ट्याच्या कडेच्या ओळींना शेजारची ओळ दिसतच नव्हती, ती दुसऱ्या पट्ट्यात होती. म्हणून प्रत्येक पट्ट्याला वर-खाली थोडी ज्यादा शिवण ठेवावी लागते. आमचे दोन फिल्टर शेजाऱ्यांकडे पाहणारे, प्रत्येकाला एकेक ओळ हवी. म्हणून वर २ आणि खाली २ ओळी जादा घेतल्या. पट्टा ६८ ओळींचा झाला आणि रेघा गेल्या.

तिसरा गट, सगळ्या फोटोकडे पाहणारे. फोटोतला सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ ठिपका शोधून त्यानुसार सगळ्या छटा ताणणारा फिल्टर घ्या. त्याला तरी पूर्ण फोटो अंथरायला हवा ना? नको. वर्गाच्या गुणांची सरासरी काढताना आपण सगळ्या उत्तरपत्रिका टेबलावर पसरत नाही. एकेक पाहतो, बेरीज आणि संख्या टिपतो, पत्रिका बाजूला ठेवतो. तसेच इथे. पहिल्या फेरीत पट्टे वाचत जायचे आणि कोणत्या छटेचे किती ठिपके आहेत एवढीच २५६ घरांत नोंद ठेवायची. दुसऱ्या फेरीत फिल्टर लावायचा. घडी दोनदा उलगडावी लागते, वेळ अधिक जातो, पण टेबल लहानच राहते.

उलगडतानाच लहान करा

याहूनही मोठी बचत एका साध्या प्रश्नाने होते : एवढे ठिपके आत्ता हवेत कशाला? फोनच्या पडद्यावर आडव्या दिशेने १०८० च्या आसपास ठिपके असतात. त्यावर ४००० ठिपक्यांची ओळ दाखवली तरी डोळ्याला तेवढे दिसणारच नाहीत. लांबी आणि रुंदी दोन्ही चौथाई केल्या तर फोटो १००० × ७५० होतो. जागा चौथाई नव्हे, सोळांश लागते : ४८ ऐवजी ३ मेगाबाइट. क्षेत्रफळाचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

मात्र आधी पूर्ण उलगडून मग लहान करण्यात अर्थ नाही. ४८ मेगाबाइट तर एकदा लागलेच! जेपेगची सोय अशी, की ८ × ८ च्या चौकोनाची सरासरी घडीतच वेगळी लिहिलेली असते. चौकोनाच्या ६४ ठिपक्यांऐवजी तेवढा एकच ठिपका उचलला की फोटो थेट आठांश लांबीरुंदीचा मिळतो. अर्धा आणि चौथाईही असाच मिळतो. अँड्रॉइडमध्ये फोटो न उलगडता फक्त त्याची मापे विचारता येतात, आणि मग २, ४, ८ असा आकडा देऊन तितक्या पटीने लहान फोटो मागता येतो.

फिल्टर निवडण्यासाठी पडद्याखाली दहा छोटे नमुने दाखवणारी ॲप आपण पाहतो. पूर्ण फोटोच्या दहा प्रती केल्या तर ४८० मेगाबाइट लागतील. २०० × १५० ठिपक्यांचे दहा नमुने केले तर १२ लाख बाइट पुरतात. इन्स्टाग्राम २०१० साली सुरू झाले तेव्हा त्यावरचे फोटो ६१२ × ६१२ ठिपक्यांचे चौकोनी असत. असा फोटो उलगडला तरी दीड मेगाबाइटच होतो. त्या काळच्या फोनला ते सहज झेपणारे होते.

आणखी एक काटकसर सांगितली जाते. ठिपक्याला ४ ऐवजी २ बाइट द्यायचे. जागा निम्मी होते, पण लाल आणि निळ्याच्या ३२ आणि हिरव्याच्या ६४ छटाच उरतात. आकाशाच्या फोटोत निळ्याचे पट्टे दिसू लागतात. वरच्या युक्त्यांत चित्राचे काही बिघडत नव्हते, इथे बिघडते. ही तडजोड समजून उमजूनच करावी.

आम्ही काय बदलले?

आता आमचे ॲप पडद्यावर दाखवण्यासाठी चौथाई लांबीरुंदीचा फोटो उलगडते आणि त्यावरच फिल्टर लावते. पहिले दोन फिल्टर एकाच फेरीत उरकतात. मुलाने 'जतन करा' म्हटले तरच मूळ फोटो पुन्हा उघडला जातो आणि पट्ट्यापट्ट्याने काम होते. टेबलावर २४० मेगाबाइटऐवजी एका वेळी थोडेच मेगाबाइट लागतात. जतन करायला पूर्वीपेक्षा काही क्षण अधिक लागतात हे खरे. पण काही क्षण थांबणे आणि ॲपच बंद पडणे, यांत निवड करणे अवघड नाही.

त्या शाळेत आम्ही पुन्हा गेलो तेव्हा आमच्या गटातल्या सर्वांत जुन्या फोनवर ॲप तपासूनच गेलो. त्या मुलीने वडिलांचा तोच फोन आणला होता. तिने वडाच्या पानाचा फोटो काढला, जरा बिचकतच बटण दाबले, आणि शिरांचे जाळे उमटले. मग तिने फोन शेजारणीकडे दिला आणि म्हणाली, "आता तू दाब."

जाता जाता वर्गासाठी एक प्रश्न. फोटो आडवा असेल तो उभा करायचा, म्हणजे ९० अंशांत फिरवायचा. नव्या फोटोची पहिली ओळ तयार करायला जुन्या फोटोतल्या किती ओळी पाहाव्या लागतील? इथे तीन ओळींची युक्ती चालेल का? चालत नसेल तर पट्ट्यांऐवजी फोटोचे कोणत्या आकाराचे तुकडे पाडावेत? चौकटीच्या कागदावर ६ × ४ चा फोटो काढा, त्यात आकडे लिहा आणि मुलांना कात्री द्या.